आकड्यापुढे वेळ लिहा

नर्सिंगला नवी मुलं आली की पुस्तकांच्या आधी मी त्यांना एक घड्याळ घ्यायला सांगते. साधंच, पण सेकंदकाटा असलेलं. मोबाइल चालत नाही. एक हात पेशंटच्या मनगटावर आणि नजर आळीपाळीने काट्यावर नि छातीवर असताना खिशातून मोबाइल काढायला हात उरतोच कुठे? ही मुलं भिगवण, कळस, निमगाव केतकी, लासुर्णे, बावडा अशा गावांतून एसटीने इंदापूरला येतात. कुणाचं घर उसावर चालतं, कुणाचं डाळिंबावर, कुणाचं उजनीच्या मासेमारीवर. बहुतेकींच्या घरात त्यांच्याआधी दवाखान्यात कुणी नोकरीला लागलेलं नाही. औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे उतरतात. औषधांची नावं लांबलचक, दुष्परिणामांच्या याद्या पानभर, आणि केसपेपरवर तर नुसती अक्षरंच: बीडी, टीडीएस, एसओएस, एनबीएम.

नोकरीची सगळी वर्षं मी वॉर्डात काढली आणि आता शिकवते आहे. माझं सांगणं सोपं आहे. परिचारिकेची कामं तीन: मोजणं, देणं आणि लिहिणं. या तिन्हींना एकत्र बांधते ती वेळ. किती वाजता मोजलं, किती वाजता औषध दिलं, त्यानंतर पुन्हा किती वाजता पाहिलं. पुढे वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा अर्धाच. हा लेख या मुलांसाठी आहे आणि तितकाच त्यांच्या आईवडिलांसाठी, कारण डॉक्टरांची चिठ्ठी शेवटी घरी जाते आणि गोळी घरीच घेतली जाते.

बिरवाडीने काय शिकवलं

नोंदीचं मोल सांगताना मी परदेशी उदाहरण घेत नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच एक जगाने मानलेलं आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू चावून माणसं दगावत होती, त्यात लहान मुलं जास्त. ती का दगावतात याचं नीट उत्तर पुस्तकात नव्हतं. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कसा, घाम आहे का, हातपाय गार आहेत का, आणि हे सगळं विंचू चावल्यापासून किती वेळाने.

वेळेच्या क्रमाने लावल्यावर त्या नोंदी बोलू लागल्या. आधी उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि चढलेला रक्तदाब. त्यानंतर काही तासांनी धाप, फुप्फुसात पाणी, तोंडातून फेस. म्हणजे मूल धापा टाकू लागायच्या आधीच शरीर इशारा देत होतं. या पूर्वचिन्हांवरचं त्यांचं लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

कारण कळलं म्हणून औषध सापडलं. विंचवाच्या विषाने ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं एकदम रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. प्राझोसिन ही तेव्हा रक्तदाबासाठी वापरात असलेली गोळी. ती नेमकी हा आवळ सैल करते. बावस्करांनी ती विंचूदंशाला वापरली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०११ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक अभ्यास मांडला: प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर सावरतो. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मुलांना मी विचारते, या शोधाचा पाया कशावर उभा होता? बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, घड्याळ, आणि हातपाय गार आहेत की ऊबदार हे बघणारा हात. यातली एकही वस्तू अशी नाही जी तालुक्याच्या दवाखान्यात नसते.

विंचू आपल्याकडेही आहे, पाचटात, सरपणात, दगडांच्या ढिगात. दुखणं फक्त चावल्या जागी असेल तर बहुधा तेवढ्यावर भागतं. घाम, उलटी आणि गार हातपाय दिसले तर मात्र घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका, दवाखाना गाठा. आणि वॉर्डातल्या मुलींसाठी पुढची सूचना: प्राझोसिन दिलेल्या पेशंटला झोपवूनच ठेवायचं. गोळी वाहिन्या सैल करते, त्यामुळे तो एकदम उठून बसला तर रक्तदाब कोसळून घेरी येते.

श्वास पूर्ण एक मिनिट

तापमान, नाडी आणि श्वास वॉर्डात एकत्र घेतात, त्याला टीपीआर म्हणतात. जोडीला बीपी, आणि हल्ली बोटाच्या यंत्रावरचा एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, एसपीओटू साधारण ९५ च्या वर. तापमान १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झालं की ताप धरायचा. बोट गार असेल किंवा नखावर मेंदी, नेलपॉलिश असेल तर बोटाचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं, म्हणून दुसरं बोट लावून पाहायचं.

या पाचांत सगळ्यात जास्त हयगय श्वासाची होते. यंत्र तो आपोआप दाखवत नाही आणि मोजायला पूर्ण मिनिट लागतं, म्हणून चार्टवर प्रत्येकापुढे ‘१८’ लिहून मोकळं होण्याचा मोह पडतो. तो आकडा न मोजता लिहिणं म्हणजे डॉक्टरांशी खोटं बोलणं. मोजायची रीतही आहे. ‘तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी हात मनगटावरच ठेवायचा आणि नजर छातीवर न्यायची.

लहान मुलांच्या बाबतीत हा आकडा जीव वाचवतो, आणि याचा पुरावाही महाराष्ट्रातलाच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गडचिरोलीच्या गावांमध्ये न्यूमोनियावर काम केलं. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना श्वास मोजायला शिकवलं. मोठे आकडे न मोजता येणाऱ्या दाईंसाठी एक साधन बनवलं. त्यात एक मिनिटाची वाळू आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर तो न्यूमोनिया, आणि औषध सुरू. औषध होतं को-ट्रायमोक्साझोल. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत न्यूमोनियाने जाणारी मुलं निम्म्याहून कमी होती.

आशाताईंनाही हेच शिकवतात, आणि प्रत्येक आईला हे पाठ असावं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो जलद श्वास. खोकला आणि जलद श्वास एकत्र दिसला की बाळाला दाखवायचं. मोजताना बाळ शांत हवं, रडत किंवा पीत नको.

पालखीतले रक्तदाब

जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी करत इंदापूरला येते आणि पुढे सराटीकडे जाते. वाटेवर आरोग्य शिबिरं लागतात. आमच्या मुलांसाठी यासारखी दुसरी शाळा नाही.

शिबिरात माऊली येतात, बसतात, दंड पुढे करतात. मुलांची घाई पट्टा लगेच गुंडाळायची, आणि मी त्यांना थांबवते. चालून आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून त्यावर पट्टा बांधू नका. बोलू नका, बोलू देऊ नका. चहा, तंबाखू किंवा मिश्रीला अर्धा तास झालाय का ते विचारा. मिश्रीत तंबाखूच असते, तिने नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. मग घ्या आकडा. १४०/९० च्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा घ्या. एकदाच घेतलेल्या आकड्यावरून कुणाला ‘बीपीचा पेशंट’ ठरवत नाहीत.

आकड्यानंतरचा प्रश्न: गोळी चालू आहे का? उत्तरं ठरलेली असतात. “घरी राहिली.” “बरं वाटतंय म्हणून सोडली.” दुसऱ्या उत्तरामागे औषधशास्त्र आहे. अमलोडिपिन ही आपल्याकडे भरपूर दिली जाणारी बीपीची गोळी. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. याला अर्धायुकाल म्हणतात. म्हणून ती दिवसातून एकदा पुरते, आणि म्हणूनच सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस काही बिघडत नाही. माणसाला वाटतं गोळीची गरजच नव्हती. मग रक्तदाब हळूहळू चढतो आणि तो चढताना बहुधा काही जाणवतही नाही.

वारीत दुसरी गोष्ट गुडघ्यांची. पाय दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली जाते. ऊन, घाम, कमी पाणी, आधीच चालू असलेल्या बीपीच्या काही गोळ्या आणि वर ही गोळी, असं एकत्र आलं की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो आणि ती दुखावतात. माऊलींना मी सांगते, आधी पाणी प्या, पाय शेका, आणि दुखण्याची गोळी घ्यायच्या आधी आम्हाला बीपीची गोळी दाखवा.

तिसरी गोष्ट एकादशीची. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. उपास धरला आणि गोळी नेहमीसारखी घेतली तर साखर एकदम उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते, माणूस भांबावतो. रक्तातली साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका बराच कमी. म्हणून ‘शुगरची गोळी’ एवढं सांगून भागत नाही, नाव सांगावं लागतं. उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नि कोणती नाही हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. देवाला त्याचा राग येत नाही.

औषध आधी की नाडी आधी?

काही औषधं अशी आहेत की ती द्यायच्या आधी पेशंटचे आकडे पाहणं हा त्या औषधाचाच भाग आहे.

डिजॉक्सिन हृदयासाठी. ते मूळचं डिजिटॅलिस या झाडातलं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ते नाडी मंद करतं, आणि उपयोगाची मात्रा नि विषारी मात्रा यांच्यात अंतर थोडं. म्हणून देण्याआधी पूर्ण मिनिट नाडी मोजायची. मोठ्या माणसाची ६० च्या खाली असेल तर गोळी हातात थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं.

मॅग्नेशियम सल्फेट गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांसाठी. या इंजेक्शनाने किती आयांचे प्राण वाचले असतील याची गणती नाही. पण ते शरीरात साठलं तर श्वास थांबवू शकतं. म्हणून पुढच्या मात्रेआधी तीन गोष्टी पाहतात: श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडतो का, आणि लघवी तासाला किमान ३० मिली होते का. यातली एक जरी गोष्ट नसेल तर मात्रा थांबवायची. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं.

तिसरं ॲट्रोपिन, आणि हे आपल्या तालुक्याला फार जवळचं. द्राक्ष-डाळिंबावर फवारायच्या काही कीटकनाशकांत ऑर्गनोफॉस्फेट असतं. ते अंगात गेलं की ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन मोडणारं विकर बंद पडतं आणि ते रसायन साठत जातं. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, मंदावलेली नाडी, छातीत घरघर. ॲट्रोपिन त्या रसायनाची वाट अडवतं. मात्रा किती? ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी पेशंटला पाहत मात्रा वाढवत नेतात, छाती स्वच्छ होईपर्यंत, नाडी ८० च्या वर जाईपर्यंत, वरचा रक्तदाब ८० च्या वर येईपर्यंत, काखेतला घाम सुकेपर्यंत. इथे परिचारिकेचा चार्टच मात्रा ठरवतो. चार्टमधली एक वेळ चुकली की मात्रा चुकली.

मुलींना हे लगेच समजतं, कारण धोतरा त्यांना ठाऊक असतो. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात ॲट्रोपिनच्याच कुळातली द्रव्यं असतात. धोतरा खाल्लेल्याचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावते, अंग तापतं, तो बरळू लागतो. फवारणीच्या विषाच्या बरोबर उलट. मग कुणीतरी विचारतं, “मॅडम, मग धोतराच उगाळून दिला तर?” नाही, कधीच नाही. एका झाडात द्रव्य किती, एका बीत किती, याचं माप नसतं. ज्याचं माप नाही आणि ज्याची वेळ लिहिता येत नाही, ते औषध म्हणून द्यायचं नाही.

याला एक पुरवणी. आकडा नेहमी चालू गोळ्यांसकट वाचायचा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या नाडी धावू देत नाहीत. अशा माणसाला रक्तस्राव झाला किंवा त्याची साखर उतरली तरी नाडी ७० दिसू शकते. त्या ७० वर विसंबून राहू नये.

सलाईन, सिरप आणि थेंब

“सिस्टर, अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा.” हे मी आयुष्यभर ऐकलं. बाटलीत काय आहे ते सांगितलं की लोक विचारात पडतात. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज. उलट्या-जुलाबाने माणूस सुकला असेल, पोटात काही ठरत नसेल, ऑपरेशन असेल तेव्हा हीच बाटली प्राण वाचवते. चालत दवाखान्यात आलेल्या, तोंडाने खाऊ शकणाऱ्या माणसाला ती ताकद देत नाही. त्या बाटलीच्या पैशांत आठवडाभराची डाळ आणि अंडी येतात.

औषध कुठल्या वाटेने जातं त्यावर वेळ ठरते. शिरेतलं जवळजवळ लगेच काम करतं. पोटातून गेलेलं आतड्यातून यकृतात जातं आणि त्यातला काही भाग तिथेच मोडतो. छातीतल्या कळेची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात ती यासाठीच: तिथून ती थेट रक्तात जाते, यकृताचा फेरा टळतो.

आता तापाचं औषध. पॅरासिटॅमॉल मुलांना वजनावर देतात, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. पण बाटल्या तीन तऱ्हांच्या मिळतात. थेंबांच्या बाटलीत दर मिलीला १०० मिलीग्रॅम. एका सिरपमध्ये दर पाच मिलीला १२५, दुसऱ्यात दर पाच मिलीला २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम द्यायचं तर थेंबांतून दीड मिली, पहिल्या सिरपमधून सहा मिली, दुसऱ्यातून तीन मिली. ‘मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं तर चौपट औषध गेलं. जास्त झालेलं पॅरासिटॅमॉल यकृत बिघडवतं, आणि पहिल्या दिवशी बाळ ठीकच दिसू शकतं. म्हणून चमच्याने मोजू नका. बाटलीसोबतच्या मापाने द्या, आणि दिलेली वेळ कॅलेंडरवर लिहा. आईने आठला दिलेलं आजीने नऊला पुन्हा देऊ नये, यासाठी एवढंच पुरतं.

चिठ्ठीवरची अक्षरं

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियम केला की औषधं मूळ नावाने, वाचता येईल अशा अक्षरांत आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत. तरीही संक्षेप राहिले आहेत, आणि घाईच्या कामात त्यांची गरजही आहे. नेहमी दिसणारे हे:

ओडी: दिवसातून एकदा
बीडी: दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांनी
टीडीएस: दिवसातून तीनदा, साधारण आठ तासांनी
क्यूआयडी: दिवसातून चारदा
एचएस: रात्री झोपताना
एसी, पीसी: जेवणाआधी, जेवणानंतर
एसओएस: त्रास झाला तरच, रोज नाही
स्टॅट: आत्ता, लगेच
एनबीएम: तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा नाही
आयव्ही, आयएम, एससी: शिरेत, स्नायूत, कातडीखाली
सी/ओ, के/सी/ओ: तक्रार काय, आधीपासून कोणता आजार आहे
एचटीएन, डीएम: उच्च रक्तदाब, मधुमेह
आरबीएस: कोणत्याही वेळी तपासलेली साखर
एएसव्ही, एआरव्ही: सर्पदंशाची लस, रेबीजची लस
एएनसी, एलएमपी, ईडीडी: गरोदरपणाची तपासणी, शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख

संक्षेप मी शिकवते, आणि कोणते वापरू नयेत तेही शिकवते. इन्सुलिनच्या युनिटसाठी आकड्याला चिकटवून इंग्रजी ‘यू’ लिहू नका. घाईतला यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ पूर्ण लिहा. दशांशाआधी शून्य लिहा: ०.५, नुसतं .५ नको, कारण टिंब पुसट झालं की ते ५ होतं. पूर्णांकानंतर टिंब आणि शून्य लिहू नका, ५.० चे ५० वाचले जातात. मायक्रोग्रॅमही पूर्ण लिहा. मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचं अंतर आहे.

इन्सुलिनची आणखी एक गोष्ट घरच्यांनीही जाणावी. आपल्याकडे दर मिलीला ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचीही. ४० वाल्या सिरिंजला लाल टोपण, १०० वाल्या सिरिंजला नारिंगी. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने भरली तर अडीचपट इन्सुलिन जातं. दुकानातून आणताना बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे जुळवा.

गावाकडे सगळ्यात कामाची खूण म्हणजे १-०-१: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. वाचता न येणारी आजीही ती ओळखते. औषधाच्या दुकानात पट्टी कापून पाकिटात देतात तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या. त्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, शेजाऱ्याला लागू पडलं असलं तरी.

हाताहातांतून जाणारा कागद

तालुक्यातल्या गंभीर पेशंटचा प्रवास बहुधा असा असतो. वाडीवरून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून १०८ च्या गाडीने इंदापूर, तिथून बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर वैद्यकीय महाविद्यालय किंवा सोलापूर, पुणे. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवे, सिस्टर नव्या, आणि नातेवाईक घाबरलेले. आधी काय घडलं ते पुढच्याला सांगणारा एकच साक्षीदार असतो, रेफरची चिठ्ठी.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांकडून मी ती घटवून घेते. साप किती वाजता चावला, किंवा झटका किती वाजता आला. आपल्याकडे पोहोचला किती वाजता. पोहोचल्यावर नाडी, बीपी, श्वास, एसपीओटू, शुद्ध कशी. कोणतं औषध, किती, कोणत्या वाटेने, किती वाजता दिलं. निघताना तेच आकडे पुन्हा काय होते. आधीचे आजार, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी. सही आणि नाव, वाचता येईल असं.

घरच्यांसाठी याचंच छोटं रूप आहे. शंभर पानी वहीत आई-वडिलांच्या गोळ्यांची नावं, त्यांची मात्रा, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं किंवा त्रास होतो, आणि बीपी-शुगर मोजल्याची तारीख नि वेळ. रात्री दोनला गाडी बोलवावी लागली तर पैशांबरोबर ती वहीही घ्या. समोरच्या डॉक्टरांची पहिली पंधरा मिनिटं वाचतात, आणि विंचूदंशात, झटक्यात, उतरलेल्या साखरेत उपचार त्याच पंधरा मिनिटांवर उभे असतात. जी मुलगी आज माझ्या वर्गात घड्याळाकडे बघत श्वास मोजायला शिकते आहे, तिने उद्या लिहिलेल्या ओळीवर एखाद्या अनोळखी डॉक्टरला डोळे झाकून भरवसा ठेवता यावा, यासाठीच मी शिकवते.